कॅमेरा आपल्याच उंबऱ्याकडे बघू दे

वाचकांचे प्रश्न, घरसुरक्षेची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, बायको आणि माझी आई. आमच्या अगदी समोरच्या दारात जे कुटुंब आहे त्यांच्याशी दोन वर्षांपासून बिनसलं आहे. जिन्यात ठेवलेल्या सायकलीवरून सुरुवात झाली, आता बोलणंच बंद आहे. सकाळी दार उघडावं तर उंबऱ्याशी फुटलेली कचऱ्याची पिशवी. दोनदा कुंड्या उलथलेल्या सापडल्या. रात्री एक-दीडला दारावर लाथ बसते, आई दचकून उठते आणि मग पहाटेपर्यंत जागी राहते. खाली उभ्या गाडीवर ओरखडे. त्यात भर मोठ्या आवाजातल्या गाण्यांची. पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, पुरावा आणा. म्हणून चार कॅमेरे घ्यायचं ठरवलं आहे. एक थेट त्यांच्या दारावर, आवाजासकट, म्हणजे शिव्याही रेकॉर्ड होतील. बायको विरोधात आहे. ती म्हणते, ‘मग आपणही रोज कॅमेऱ्यातच जगायचं.’ कॅमेरा कुठला घ्यावा, कुठे लावावा, आणि मिळालेलं चित्रण इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर चालेल का?

उत्तर : चार नकोत. एक घ्या, तो तुमच्या स्वतःच्या उंबऱ्यावर लावा, आवाज बंद ठेवा आणि ग्रुपवर काहीही टाकू नका. कारणं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात आईच्या झोपेबद्दल जे एक वाक्य आहे ते माझ्या मनातून जात नाही.

मी अठरा वर्षं घरोघरी कॅमेरे बसवले. त्यांतली निम्मी तरी घरं चोराला नव्हे, शेजाऱ्याला घाबरून कॅमेरा मागणारी होती. एवढ्या वर्षांत एक कळलं. कॅमेऱ्याला एकच प्रश्न नीट विचारता येतो : ‘माझ्या दारात, अमुक वाजता, हे कोणी केलं?’ ‘शेजारी कसा माणूस आहे?’ या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याकडून मिळवायला जे गेले त्यांचं भांडण वाढलं.

म्हणून आधी तक्रारी वेगळ्या करा. कचरा, कुंड्या आणि लाथ या तिन्ही गोष्टी तुमच्या दारासमोरच्या दोन-अडीच हात जागेत घडतात. तिथे एक कॅमेरा पुरतो. गाडी हा वेगळा विषय, त्याकडे नंतर येते. आणि गाण्यांसाठी कॅमेरा अजिबात उपयोगी नाही. कॅमेऱ्याचा माइक आवाज आपोआप कमी-जास्त करतो. हळू आवाज वर खेचतो, मोठा दाबतो. त्यामुळे रेकॉर्डिंग ऐकून प्रत्यक्षात आवाज किती मोठा होता हे कोणालाच सांगता येत नाही. आवाजासाठी वही ठेवा : तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, घरातल्या कुठल्या खोलीत ऐकू आला, दार-खिडकी बंद होती का, त्या वेळी घरात आणखी कोण होतं. महिनाभराची अशी वही दहा क्लिपांपेक्षा जास्त बोलते, कारण त्रास एकदाचा नाही, सतत होतो आहे, हे तिच्यातून दिसतं.

आता जागा. समोरासमोर दारं असताना कॅमेरा आपल्या दारावर सरळ लावला की समोरचं दार चित्राच्या मधोमध येतं. ते दार उघडलं की त्यांची बैठकीची खोली, त्यांची मुलं, घरातल्या कपड्यांत वावरणारी माणसं, सगळं तुमच्या डिस्कवर. ते तुम्हाला नको आहे. एकतर ते त्यांचं घर आहे. दुसरं, उद्या तुम्हीच तक्रारदार असताना आरोपी व्हाल. म्हणून कॅमेरा दाराच्या वर न लावता बाजूच्या भिंतीवर, साधारण सव्वादोन मीटर उंचीवर लावा आणि तो आडवा, आपल्या उंबऱ्याकडे वळवा. अगदी वरून सरळ खाली बघणारा कॅमेरा डोक्याचे टाळू तेवढे दाखवतो. फार उंच लावला तर टोपीखालचा चेहरा जातो. एवढं करूनही समोरच्या दाराची कड चित्रात आलीच, तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ शोधा. चित्राच्या तेवढ्या भागावर काळा चौकोन बसतो आणि तो भाग रेकॉर्डच होत नाही. चौकोन बसवलेल्या पडद्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

ही काळजी का घ्यायची, ते एका खऱ्या खटल्यावरून सांगते. चेक प्रजासत्ताकातल्या एका गृहस्थाच्या घराच्या काचा काही वर्षं कोणीतरी फोडत होतं. त्यांनी २००७ मध्ये वळचणीखाली एक स्थिर कॅमेरा लावला. त्यात त्यांचं दार दिसे, समोरचा सार्वजनिक रस्ता दिसे आणि समोरच्या घराचं दारही दिसे. आवाज नव्हता, बघायला पडदाही नव्हता. ऑक्टोबरमध्ये एका रात्री गलोलीने काच फुटली आणि त्या चित्रणावरून दोन संशयित सापडले. इथवर सगळं त्यांच्या बाजूचं. पण त्यांतल्या एका संशयिताने चित्रणाच्या कायदेशीरपणावरच बोट ठेवलं आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं. ११ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की, घराच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक जागा सतत येत असेल तर ते ‘निव्वळ घरगुती काम’ ठरत नाही, माहिती संरक्षणाचे नियम त्याला लागतात. मात्र स्वतःचं घर, कुटुंब आणि मालमत्ता जपण्याचा माणसाचा रास्त हेतूही विचारात घेता येतो, हेही त्याच निकालात आहे. तुम्ही राहता तिथला कायदा वेगळा असेल, तो स्थानिक वकिलाला जरूर विचारा. माझ्या मते शहाणपण मात्र सगळीकडे तेच : ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीही चौकशी झाली, कारण कॅमेऱ्याची चौकट त्याच्या कुंपणाबाहेर गेली होती.

आवाज बंद ठेवा म्हणाले, त्यालाही आधार आहे. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयात शेजाऱ्या-शेजाऱ्यांचाच खटला चालला. आपली गाडी चोरण्याचा प्रयत्न झाल्यावर एकाने दाराची कॅमेरा-घंटा आणि आणखी कॅमेरे लावले. शेजारणीने तक्रार केली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. न्यायाधीशांना चित्रापेक्षाही आवाज जास्त खटकला : कॅमेरा जिथपर्यंत बघत होता त्याच्या पलीकडचं बोलणंही तो टिपत होता. तुमच्या जिन्यातही तेच होईल. शिव्या रेकॉर्ड करायच्या म्हणून लावलेला माइक, बंद दाराआडचं त्यांचं नवराबायकोचं बोलणंही ऐकेल. दुसऱ्या मजल्यावरून वर येणाऱ्या, तुमच्या भांडणाशी संबंध नसलेल्या मुलीचं फोनवरचं बोलणंही.

कॅमेरा कुठला, याबद्दल. दुकानात मेगापिक्सेल सांगतात, पण विचारायचं असतं ते ‘माझ्या अंतरावर चेहऱ्याला किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, मिळतील?’ सुरक्षा कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी सरळ आकडे आहेत. एक मीटर रुंदीला २५ पिक्सेल मिळाले तर ‘कोणीतरी आहे’ इतकंच कळतं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख निःशंक पटवायला २५० लागतात. आता हिशेब करा. फुल एचडी कॅमेऱ्याचं चित्र आडवं १९२० पिक्सेलचं. लेन्स आडवा ९० अंशांचा कोन बघणारी असेल तर जितकं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदीचा भाग चित्रात मावतो. दोन मीटरवर चार मीटर रुंदी, म्हणजे मीटरला ४८० पिक्सेल. चेहरा स्वच्छ. दहा मीटरवर वीस मीटर रुंदी, म्हणजे ९६. तिथे ओळखीचा माणूसही खात्रीने सांगता येणार नाही. तुमच्या उंबऱ्यासाठी साधा फुल एचडी कॅमेरा भरपूर झाला.

याच हिशेबाने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून गाडीवर रोखलेला कॅमेरा फुकट जातो. रस्ता आणि येणारे-जाणारे मात्र त्यात आयते सापडतात. गाडीसाठी गाडीतच लावायचा, पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही चालू राहण्याची सोय) असलेला डॅशकॅम बघा. धक्का बसला की तो आपोआप रेकॉर्डिंग जपून ठेवतो. हलका ओरखडा मात्र त्याला जाणवेलच असं नाही, आणि गाडीची बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरू न देणारी सोय त्यात आहे का हे विचारून घ्या.

लाथ रात्री बसते, म्हणून रात्रीचं चित्र बसवायच्या आधीच तपासा. इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर, चालणारं चित्र काळंपांढरं असतं आणि कपड्यांचे रंग त्यात फसवतात. कृत्रिम धाग्याचा काळा शर्ट अनेकदा चक्क पांढरट दिसतो. कॅमेऱ्याशेजारी भिंत फार जवळ असेल तर तिच्यावरून उजेड परतून चेहऱ्याची जागा धुरकट होते. अंधारात हालचालही फरफटल्यासारखी दिसते, पाय उचललेला कळतो पण पाय कोणाचा ते नाही. याला सर्वांत चांगला उपाय म्हणजे दारासमोर हालचालीने लागणारा साधा दिवा. चित्र रंगीत येतं, आणि माझा अनुभव असा की निम्मे उपद्रव त्या दिव्यानेच थांबतात.

आता एक चूक सांगते, माझीच. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बाईंच्या दारात कॅमेरा लावला. त्यांच्या शेजारच्या तरुणाने कुंपणावरून बाटल्या फेकल्याचं त्यात स्वच्छ आलं. पण मी यंत्राचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जोडलंच नव्हतं. ते सरकत गेलं आणि चित्रणावर खऱ्या वेळेपेक्षा पाऊण तास पुढची वेळ उमटली. उमटलेल्या त्या वेळी तो तरुण खरोखरच कामावर होता, त्याच्याकडे हजेरीची नोंद होती. चेहरा दिसत असूनही बाईंचं कोणी ऐकलं नाही. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी घड्याळ लावते, मग स्क्रू पिळते. तुम्हीही दर महिन्याला कॅमेऱ्याची वेळ फोनशी ताडून बघा आणि ताडल्याची तारीख वहीत लिहा.

साठवणही मोजून घ्या. सतत रेकॉर्डिंग सेकंदाला ४ मेगाबिटने होत असेल तर दिवसाला ४३ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं चढायला लागतं. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर परत येईपर्यंत पहिला दिवस पुसलेला असतो. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करणारी सोय वापरा, आणि काही घडलं की त्याच दिवशी चित्रण उतरवून घ्या.

उतरवताना ते जसं आहे तसं घ्या. घटनेच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटं राहू द्या. कापाकापी, उजेड वाढवणं, लाल गोल काढणं, काही नको. पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रण करू नका, यंत्रातून मूळ फाइल काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान होतो, बारकावे जातात आणि मूळ फाइलची माहितीही उरत नाही. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. जमत असेल तर फाइलचा ‘हॅश’ काढून लिहून ठेवा. एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने फाइलची अंकाक्षरांची एक खूण निघते आणि फाइलमधला एक बिटही बदलला तर ती पूर्ण बदलते. पुढे कोणी ‘यात फेरफार केलाय’ म्हणालं तर हीच खूण तुमच्या बाजूने उभी राहते. आणि कार्ड किंवा रेकॉर्डर विकू नका, पुसू नका. मूळ यंत्र मागितलं जाऊ शकतं.

पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. तुमच्या आईच्या येण्याजाण्याच्या वेळा परक्याच्या हाती जाऊ नयेत.

ग्रुपचं. तुमचा राग मला कळतो. दोन वर्षं सोसल्यावर सगळ्यांना दाखवावं, ‘बघा, मी खोटं बोलत नव्हतो’ म्हणावं असं वाटणारच. पण चित्रात कदाचित त्यांचा अल्पवयीन मुलगा असेल. कदाचित दुसऱ्याच मजल्यावरचा कोणी असेल आणि तुम्ही नाव चुकीचं घेतलेलं असेल. एकदा पाठवलेला व्हिडिओ परत येत नाही आणि बदनामीचा दावा तुमच्यावर येतो. चित्रण पोलिसांना द्या, वकिलाला द्या, इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी अर्जासोबत दाखवा. त्यापलीकडे कोणालाही नाही.

कॅमेरा लपवू नका. लावण्याच्या आधी शेजाऱ्यांना दोन ओळींची चिठ्ठी द्या : ‘आमच्या दारासमोर अमुक तारखेपासून कॅमेरा असेल. त्यात फक्त आमचा उंबरा दिसतो, आवाज रेकॉर्ड होत नाही. कॅमेऱ्यात काय दिसतं ते बघायचं असल्यास केव्हाही दाखवू.’ शिव्या नाहीत, जुने हिशेब नाहीत. चिठ्ठीची प्रत आणि मास्कचा तो फोटो जवळ ठेवा. जिना सामायिक असेल तर व्यवस्थापनाची परवानगीही लेखी घ्या. दारावर ‘कॅमेरा चालू आहे’ अशी पाटी लावा. तुम्हाला त्यांना पकडायचं आहे की हे थांबवायचं आहे, हे स्वतःला विचारा. थांबवायचं असेल तर कॅमेरा दिसलाच पाहिजे. त्याच्याकडून किती आशा ठेवावी तेही सांगते. सीसीटीव्हीवरच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट दिसली. वाहनतळांवर आणि निवासी भागांत परिणाम चांगला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम नाही. तो अभ्यास सार्वजनिक जागांमधल्या कॅमेऱ्यांचा आहे, तुमच्या दारातल्या नव्हे. पण मी जे पाहिलं त्याच्याशी तो जुळतो : विचार करून त्रास देणारा कॅमेरा बघून मागे फिरतो. पिऊन किंवा संतापात आलेला फिरत नाही. म्हणून लाथ बसली की दार उघडून बाहेर जाऊ नका. कोणी मारण्याची धमकी दिली तर आधी पोलिसांना फोन, कॅमेऱ्याचं चित्रण सकाळी बघता येतं.

आता तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्या बरोबर आहेत आणि ही गोष्ट मी कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापली असती तर बरं झालं असतं. एका निवृत्त शिक्षकांकडे मी कॅमेरा बसवला होता. तीन महिन्यांनी तपासणीला गेले तर ते फोन हातात धरूनच बसलेले. मांजर गेलं तरी फोन वाजे, दर वेळी छातीत धडधड. शेजारी किती वाजता बाहेर पडतो, हातात काय असतं, सगळं त्यांना पाठ. त्रास त्या तीन महिन्यांत एकदाही झाला नव्हता, पण त्यांची झोप पूर्वीपेक्षा कमी झाली होती. मी तिथेच त्यांच्या फोनवरच्या सूचना बंद केल्या आणि ॲप त्यांच्या मुलीच्या फोनवर टाकलं. तुम्हीही तसंच करा. ॲप एकाच फोनवर, सूचना बंद, आणि काही घडलं तरच उघडायचं. आईच्या फोनवर तर मुळीच नको. त्यांच्या खोलीचं दार रात्री लावून घ्या, पलंग जिन्याच्या भिंतीपासून हलवता आला तर हलवा. कॅमेऱ्याआधी हे आज रात्रीच करता येईल.

प्रश्न : मी भाड्याच्या घरात एकटी राहते. शेजाऱ्यांनी नुकताच गोल घुमटाचा कॅमेरा लावला आहे, तो माझ्या खिडकीकडे बघतो असं वाटतं. खिडकी उघडायची सोय राहिली नाही. मैत्रीण म्हणते, लेझर मारून तो निकामी कर.

उत्तर : लेझर नको. त्याने सेन्सर जळू शकतो, आणि मग नुकसान करणारी म्हणून तुम्हीच त्यांच्या चित्रणात असाल. घुमटाच्या काळ्या काचेआड लेन्स कुठे वळली आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे तुमची शंका खरीही असेल, खोटीही. शक्य असेल तर सोबत कोणाला तरी घेऊन जा आणि शांतपणे म्हणा, ‘तुमच्या कॅमेऱ्यात माझी खिडकी येते का, एकदा पडद्यावर दाखवाल?’ मी अशा कितीतरी भेटींत मधे उभी राहिले आहे. बहुतेक लोक दाखवतात, आणि खिडकी येत असेल तर तिथल्या तिथे मास्क टाकायला तयार होतात. अनेकांना मास्क असतो हेच माहीत नसतं. दाखवायला नकार मिळाला तर तीच मागणी तारखेसह लिहून द्या. खिडकीतून कॅमेरा दिसतो त्याचा फोटो घ्या. घरमालकाला लेखी कळवा, मग पोलीस किंवा वकील. तोवर खिडकीला उजेड येऊ देणारा पण आरपार न दिसणारा कागद खालच्या अर्ध्या भागाला लावा. आणि कॅमेरा मुद्दाम झोपण्याच्या किंवा कपडे बदलण्याच्या जागेवर रोखला आहे असं दिसलं, तर मधल्या पायऱ्या सोडा, थेट पोलिसांकडे जा. ते शेजाऱ्यांचं भांडण राहत नाही.

प्रश्न : खोटा, नुसता दिवा लुकलुकणारा कॅमेरा लावला तर काम भागेल का?

उत्तर : नाही. काही घडलं तर हाती काहीच नसतं, आणि शेजाऱ्याला तो खराच वाटल्यामुळे तंटा मात्र खरा होतो. तेवढ्या खर्चात दारावर हालचालीने लागणारा दिवा बसवा.